व्यंकटेश बापूजी केतकर

व्यंकटेश बापूजी केतकर (१८ जानेवारी १८५४ – ३ ऑगस्ट १९३०) हे भारतीय ज्योतिर्गणिती व पंचांगसंशोधक होते. नेपच्यूनपलीकडे ग्रह असावा, असे अनुमान त्यांनी प्लूटोच्या शोधापूर्वी १९ वर्षे प्रसिद्ध केले.

जीवन व ग्रंथ

केतकरांचा जन्म नरगुंद येथे झाला. तत्कालीन मुंबई इलाख्यातील बागलकोट येथे ते शाळेत शिक्षक होते. नोकरी सांभाळून त्यांनी आधुनिक पाश्चात्त्य गणिताच्या आधारे ग्रहस्थिती काढण्याच्या रीती संस्कृतात मांडल्या. ज्योतिर्गणितम्, केतकी ग्रहगणितम् व वैजयंती हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत.

पंचांगवाद

जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थाने आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळत नसत. गणित सुधारावे हे अनेकांना मान्य होते. राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता, यावर मात्र मतभेद होता. केतकरांनी चित्रा तारकेच्या समोरचा बिंदू स्वीकारला, तर लोकमान्य टिळक रेवतीपक्षाचे होते. दोहोंत सुमारे ४ अंशांचे अंतर असल्याने संक्रांतीत सुमारे ४ दिवसांचा फरक पडे. क्वचित अधिक मासही भिन्न येऊन शेजारच्या दोन घरांत एकच सण महिन्याच्या अंतराने साजरा होई. १९२० मध्ये सांगली येथे भरलेल्या ज्योतिष संमेलनातही पंचांगशुद्धीचा विचार झाला.

नेपच्यूनपलीकडील ग्रह

गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासने दाखविलेला परस्परसंबंध केतकरांनी दूरच्या ग्रहांना लावून पाहिला. त्यावरून ‘ब्रह्मा’ व ‘विष्णू’ अशा दोन ग्रहांचे अनुमान त्यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत मांडले. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी ३८.९५ खगोलीय एकके व प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे काढला. केतकरांच्या निधनापूर्वी काही महिने, १८ फेब्रुवारी १९३० रोजी, क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ एकके व प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे आहे. ही जुळणी लक्षणीय असली, तरी तेवढ्यावरून मूळ गृहीतक सिद्ध होत नाही. ‘विष्णू’ आढळलेला नाही.

२००६ मध्ये प्लूटो बटुग्रह ठरला व लघुग्रहांच्या सूचीत त्याला १३४३४० हा क्रमांक मिळाला. मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील धातुबहुल लघुग्रह सायकी याच सूचीत १६ व्या क्रमांकावर आहे.

वारसा

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात धार्मिक पंचांगासाठी चित्रापक्षाशी जुळणारे अयनांश स्वीकारले. आज बहुसंख्य मराठी पंचांगे त्याच पक्षाची आहेत.