जगद्गुरू श्री संत तुकाराम महाराज : संक्षिप्त चरित्र

श्रीक्षेत्र देहू येथील मोरे घराण्यात तुकोबारायांचा जन्म झाला. घराणे सुखवस्तू, सावकारी करणारे, आणि पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी चालविणारे. आई-वडिलांच्या निधनानंतर, इ. स. १६३० च्या सुमारास, भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला; प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, पुत्र संतूही गेला. ज्या विठ्ठलाची सेवा घराण्याने केली, तो मात्र मूकच राहिला.

आरंभी आपले चित्त साधनेत नव्हते, हे महाराजांनी स्वतःच अभंगातून मोकळेपणाने सांगितले आहे. तरीही त्यांनी पूर्वज विश्वंभरबाबांचे भंगलेले देऊळ दुरुस्त केले, एकादशीस कीर्तन आरंभिले, पूर्वसंतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. गोडी मागाहून आली. आधी होती ती नेमाची चाकरी.

कालांतराने कवित्व स्फुरले, परंतु वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या आज्ञेमुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून बसले. दिवसामागून दिवस गेले, देव बोलेना. तेरा दिवसांनंतर वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा आहे. त्यानंतरच्या अभंगांत मात्र विजयाचा आनंद थोडा, देवाचा अंत पाहिल्याची खंत फार. रामेश्वर भट्ट पुढे महाराजांचे शिष्य झाले. ती शिळा देहूच्या मंदिरात असून भाविकांना तिचे दर्शन घडते.