आल्फ्रेड नोबेल आणि मृत्युपत्रातील एक शब्द

साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा इतिहास बहुधा १९०१ पासून सांगितला जातो. म्हणजे ज्याच्या नावाने ते ओळखले जाते त्या मनुष्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांपासून. परिणामी आल्फ्रेड नोबेल हा स्फोटक द्रव्यांचा संशोधक, अफाट संपत्तीचा धनी आणि उतारवयात पश्चात्ताप होऊन दानशूर झालेला गृहस्थ, एवढाच उरतो. साहित्याशी त्याचा संबंध पैशापुरताच होता, असा समजही त्यातून दृढ होतो. वस्तुतः लेखक होण्याची आकांक्षा ही त्याच्या आयुष्यातील अत्यंत जुनी आणि अखेरपर्यंत टिकलेली आकांक्षा होती. मृत्युपत्रातील साहित्यविषयक कलमात त्याने जे एक विशेषण योजले, त्याचा अर्थ या आकांक्षेला वगळून लागत नाही.

नोबेलचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोम येथे झाला. त्याच वर्षी त्याचे वडील इमॅन्युएल यांचे दिवाळे निघाले होते. पुढे ते दैव अजमावण्यासाठी प्रथम फिनलंडला व नंतर सेंट पीटर्सबर्गला गेले. मागे आई आंद्रिएट हिने दूध व किराणा यांचे लहानसे दुकान चालवून मुलांना वाढवले. आल्फ्रेड जन्मापासून अशक्त होता. शाळेचे तोंड त्याने जेमतेम वर्षभर पाहिले. १८४२ मध्ये कुटुंब पीटर्सबर्गला गेले आणि तेथे वडिलांचा धंदा भरभराटीस आल्यामुळे मुलांना घरीच उत्तम शिक्षक मिळाले. सतराव्या वर्षापर्यंत स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन या पाच भाषांवर आल्फ्रेडने प्रभुत्व मिळवले. फ्रेंच शिकताना व्हॉल्तेअरचा उतारा स्वीडिशमध्ये आणायचा, मग आपलेच भाषांतर पुन्हा फ्रेंचमध्ये नेऊन मूळाशी ताडून पाहायचे, अशी त्याची रीत होती. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला शोभावी अशीच ही शिस्त.

त्याचे खरे दैवत मात्र इंग्रज कवी शेली. अठराव्या वर्षी त्याने इंग्रजीत एक दीर्घ आत्मपर कविता लिहिली. तिच्यावर शेलीचा आणि बायरनचा ठसा स्पष्ट आहे. एकाकीपण, आजारपण, धर्मसंस्थेविषयीचा संशय आणि मानवजातीविषयीची एक अमूर्त ओढ हे तिचे विषय. स्वीडिश मुलाने रशियात बसून इंग्रजीत कविता लिहावी, यातच त्याच्या साहित्यिक जीवनाची शोकांतिका दडलेली आहे. पाच भाषा त्याला वश होत्या. परंतु जिच्यात कवीची मुळे रुजतात अशी एकही त्याच्यापाशी उरली नव्हती. मुलांनी आपल्या धंद्यात यावे, अशी वडिलांची इच्छा. त्यांनी त्याला १८५० मध्ये परदेशी धाडले आणि पॅरिसमध्ये पेलूझ या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याची दिशा ठरली.

पुढील दीड दशकाची कथा सर्वपरिचित आहे. क्रिमियाच्या युद्धात नोबेलांच्या कारखान्याने रशियन आरमारासाठी सागरी सुरुंग बनवले. युद्ध संपताच मागणी आटली आणि १८५९ मध्ये दुसऱ्यांदा दिवाळे निघाले. कुटुंब विखुरले. इटालियन रसायनज्ञ सोब्रेरो याने १८४७ मध्ये शोधलेले नायट्रोग्लिसरीन आल्फ्रेडने प्रयोगासाठी हाती घेतले. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमच्या हेलेनेबोर्ग भागातील त्यांच्या कार्यशाळेत स्फोट झाला आणि धाकटा भाऊ एमिल याच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. एमिल अवघा वीस वर्षांचा होता. पित्याला त्यानंतर लवकरच पक्षाघात झाला. आल्फ्रेडने या आघाताविषयी फारसे काही लिहून ठेवलेले नाही. काम मात्र थांबवले नाही. कीझेलगुर नावाच्या सच्छिद्र मातीत ते द्रव जिरवले की ते हाताळण्यास सुरक्षित होते, हे त्याने सिद्ध केले आणि १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. सामर्थ्यवाचक ग्रीक शब्दावरून केलेले ते नाव पाहिले की त्याच्यातील भाषाप्रेमी रसायनशाळेतही जागा होता असे वाटते. बोगदे, कालवे, खाणी आणि रेल्वेमार्ग यांची मागणी इतकी वाढली की पुढे वीस देशांत नव्वदच्या आसपास कारखाने उभे राहिले. आयुष्यभरात त्याच्या नावावर ३५५ पेटंटे जमा झाली.

संपत्ती आली; घर आले नाही. १८७३ पासून तो पॅरिसमध्ये राहू लागला, तरी बराच काळ आगगाड्यांत आणि उपाहारगृहांतच जाई. १८७६ मध्ये काही दिवसांपुरती त्याची सचिव म्हणून आलेली बेर्था किन्स्की ही लवकरच फॉन झुटनर घराण्यात विवाह करून गेली. पण दोघांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत टिकला. तिची १८८९ मधील युद्धविरोधी कादंबरी युरोपभर गाजली आणि १९०५ चे शांतता पारितोषिक तिला मिळाले. मृत्युपत्रातील शांतताविषयक कलमाचे श्रेय तिला दिले जाते, ते योग्यच आहे. १८८८ मध्ये भाऊ लुडविग वारला तेव्हा फ्रेंच वृत्तपत्राने आल्फ्रेडच मेला असे समजून त्याची निंदा छापली आणि ती वाचून त्याला उपरती झाली, ही कथा मात्र जपून घ्यावी लागते. नावांचा घोळ झाला होता, हे खरे. पण एका वृत्तामुळे मनुष्य पालटला, ही कल्पना चरित्रापेक्षा कीर्तनाला अधिक मानवणारी आहे. अंतिम मृत्युपत्र त्यानंतर सात वर्षांनी लिहिले गेले.

या सर्व काळात तो लिहीत होता. १८६० च्या दशकारंभी त्याने दोन कादंबऱ्या हाती घेतल्या. त्या तडीस गेल्या नाहीत. त्याच्या ग्रंथसंग्रहात दीड हजारांवर पुस्तके होती. नॉर्वेजियन लेखक ब्योर्नसन व इब्सेन त्याला आवडत, सेल्मा लागरलॉफच्या लेखनाचे त्याला कौतुक होते. झोलाचा निसर्गवाद मात्र रुचत नसे. धूररहित दारूच्या विक्रीवरून फ्रान्समध्ये त्याच्यावर रोष ओढवला आणि १८९१ मध्ये त्याने इटलीतील सान रेमो गाठले. पाठोपाठ इंग्लंडमधील कॉर्डाइटच्या पेटंटचा दावा सर्वोच्च पायरीवर, १८९५ मध्ये, हरला. त्यावर त्याने काय केले? इंग्रजीत पेटंटरूपी जंतूवर एक प्रहसन लिहावयास घेतले. आणि त्याच सुमारास, स्वीडिश भाषेत, ‘नेमेसिस’ हे चार अंकी गद्य शोकनाट्य रचण्यास आरंभ केला.

नेमेसिसचा विषय शेलीच्याच नाटकातून आलेला आहे : १५९९ मध्ये रोम येथे पितृहत्येच्या आरोपाखाली देहदंड झालेली बेआत्रिचे चेन्ची. शेलीने या कथेत पीडितेच्या नैतिक अवस्थेचा शोध घेतला. नोबेलने सूडाला जवळजवळ न्यायाचे स्थान दिले आणि चर्चवर जहाल प्रहार केले. कलाकृती म्हणून नाटक दुबळे आहे. संवाद बोजड आहेत, पात्रे मतांचे ओझे वाहतात. परंतु ते लिहिणारा मनुष्य कोणत्या वृत्तीचा होता, याविषयी ते शंका ठेवत नाही.

नाटकाचे लेखन चालू असतानाच, २७ नोव्हेंबर १८९५ रोजी, पॅरिसमधील स्वीडिश-नॉर्वेजियन क्लबात त्याने आपल्या मृत्युपत्रावर चार साक्षीदारांसमोर सही केली. वकिलांविषयी अविश्वास असल्यामुळे मसुदा त्याने स्वतःच केला होता. सुमारे ३१ दशलक्ष क्रोनरच्या मालमत्तेतील बहुतेक सारा भाग पाच पारितोषिकांसाठी ठेवला आणि देताना राष्ट्रीयत्वाचा विचार करू नये, असे बजावले. साहित्याचे पारितोषिक ‘इदेआलिस्क’ दिशेने सर्वांत श्रेष्ठ कृती निर्माण करणाऱ्यास द्यावे, असे ठरवले. हा शब्दही सरळ उतरलेला नाही. हस्तलिखितात आधीच्या अक्षरांवर गिरवून तो केलेला दिसतो. ‘आदर्शवादी’ या अर्थी स्वीडिशमध्ये दुसरा रूढ शब्द आहे. तो येथे नाही. मराठीत भाषांतर करणाऱ्यालाही ‘आदर्श’, ‘आदर्शवादी’ आणि ‘ध्येयवादी’ यांतून एक निवडताना पक्ष घ्यावाच लागतो. आणि खांडेकरांच्या कादंबऱ्यांमुळे शेवटच्या शब्दाला जी छटा आली आहे, ती तर नोबेलच्या वृत्तीपासून फारच दूरची.

१० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. जवळ नोकरांवाचून कोणी नव्हते. अखेरच्या तासांत त्याच्या इतर भाषा हरपल्या आणि तो केवळ स्वीडिशमध्ये बोलत राहिला. ती भाषा भोवतालच्या कोणालाही कळत नव्हती.

मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्या दोघांवर सोपवली होती त्यांपैकी राग्नार सोलमान अवघा २६ वर्षांचा होता. नातेवाइकांचे आक्षेप, राजा दुसरा ऑस्कर याची नाराजी आणि नोबेल नेमका कोणत्या देशाचा रहिवासी, हा कायद्याचा पेच यांतून त्याने वाट काढली; पुतण्या इमॅन्युएल याने मृत्युपत्राचा मान राखला नसता तर तीही निघाली नसती. जून १९०० मध्ये नियम मंजूर झाले.

साहित्याची जबाबदारी स्वीडिश अकादमीकडे आली आणि तिचे स्थायी सचिव कार्ल डेव्हिड आफ वीर्सेन यांनी त्या विशेषणाचा अर्थ आपल्या परीने लावला. धर्म, सिंहासन व कुटुंब यांना धक्का न लावणारी उदात्तता म्हणजे आदर्श, अशी त्यांची धारणा. पहिले पारितोषिक स्यूली प्रुदोम या फ्रेंच कवीला गेले. टॉलस्टॉयला ते मिळाले नाही म्हणून स्ट्रिंडबर्गसह ४२ स्वीडिश लेखक-कलावंतांनी त्याला जाहीर पत्र लिहिले. पुढेही टॉलस्टॉय, इब्सेन, झोला वगळलेच गेले. नोबेलला ओळखणारा गणिती मिट्टाग-लेफ्लर याचे म्हणणे अगदी उलट होते : धर्म, राजसत्ता, विवाह आणि समाजव्यवस्था यांना जाब विचारणारी वृत्ती हाच नोबेलच्या शब्दाचा अर्थ. शेलीचा शिष्य आणि नेमेसिसचा कर्ता यांच्या बाजूने पाहता मिट्टाग-लेफ्लरचे पारडे जड ठरते. अर्थात झोलाविषयी नोबेलची अरुची ध्यानात घेता, वीर्सेन सर्वस्वी चुकले असेही म्हणवत नाही.

वीर्सेन १९१२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी इंग्रज कवी टी. स्टर्ज मूर यांच्या शिफारशीवरून रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव आले आणि पेर हालस्ट्रॉम व हेडेनस्टाम यांच्या आग्रहाने ते मान्य झाले. बंगाली वाचू शकणारे एसाइयास टेग्नेर अकादमीत होते; तरी निर्णयाचा मुख्य आधार इंग्रजी गीतांजलीच होता. रवींद्रनाथांनी आपल्या इंग्रजी शब्दांत आपले काव्य पाश्चात्य साहित्याचा भाग केले, असा उल्लेख मानपत्रात आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला तो खटकतो. राष्ट्रीयत्वाची अट काढणाऱ्या कलमामुळे युरोपाबाहेरचा कवी प्रथमच गौरवला गेला. पण भाषेच्या उंबरठ्याविषयी त्या कलमात काहीच नव्हते. स्वतः पाच भाषांत वावरलेल्या दात्याला तो उंबरठा बहुधा जाणवलाच नसावा.

नेमेसिस पॅरिसमध्ये छापले जात असतानाच नोबेल मरण पावला होता. दिवंगताच्या कीर्तीस ते बाधक ठरेल, या भीतीने तीन प्रती वगळता सर्व प्रती नष्ट करण्यात आल्या. शब्दाचा अर्थ लावण्यास बसलेल्या अकादमीसमोर हे नाटक ठेवले गेले नाही. २००३ मध्ये ते स्वीडिश व एस्पेरान्तो अशा द्वैभाषिक आवृत्तीत पुन्हा निघाले आणि १० डिसेंबर २००५ रोजी, नोबेलच्या स्मृतिदिनी, स्टॉकहोममध्ये त्याचा प्रयोग झाला.