पंडिता रमाबाई : कृतीतून उमटलेला धर्म

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके मागे टाकून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे सोलापूरच्या दिशेने वळतो आणि त्यावर केडगाव लागते. या आडगावाला जगाच्या नकाशावर नेले ते पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळात आई-वडिलांचे छत्र हरपले. भावासोबत पायी भारतभ्रमण करीत १८७८ मध्ये त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनींनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला. ज्यांना जगाने पापी ठरवले, त्यांची कोणी इतक्या ममतेने सेवा करते, हे दृश्य त्यांच्या मनात घर करून राहिले. पोथ्यांचा अभ्यास आयुष्यभर केलेल्या या विदुषीला ख्रिस्ताकडे नेण्यात केवळ वादविवादाचा नव्हे, तर या कृतीचाही मोठा वाटा होता. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र प्रत्येक सिद्धांत डोळे झाकून स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते. त्यावरून इंग्लंडमधील आपल्या मार्गदर्शकांशीही त्या भांडल्या.

पुढे त्याच कसोटीला त्यांना स्वतः उतरावे लागले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे अभिवचन दिलेले होते. रमाबाई दार उघडे ठेवून आपली प्रार्थना करीत. मुली येऊन बसू लागल्या. ही सेवा की धर्मांतराची वाट, असा प्रश्न पुण्यात उठला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप निराधार नव्हता, हे मान्य करावे लागेल. परंतु याच सदनातील गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या हिंदूच राहिल्या, हेही तितकेच खरे.

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. उपासमार स्वतः भोगलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व स्त्रियांना घेऊन परतल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. तेथे शेती, विणकाम, छपाई यांचे शिक्षण मिळे. अंध स्त्रियांची सोय होती आणि समाजाने टाकलेल्यांसाठी कृपा सदनही होते. इंग्लंडमध्ये पाहिलेले ते दृश्य आता मराठी मातीत साकारले होते.

झाड फळांवरून ओळखावे, ही ख्रिस्ताची शिकवण. पण दान गुप्त असावे, अंतःकरण देवच जाणतो, हीही त्याचीच. म्हणून एखादे सत्कृत्य पाहून माणसाचा निवाडा करता येत नाही. टीकेत आणि शोकातही जे सुटत नाही, तेच शील. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी मूळ भाषांतून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ते हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या धर्मांतराविषयी मतभेद उरले. केडगावच्या दारात आसरा मिळालेल्यांच्या मनात त्यांच्या शीलाविषयी शंका उरण्याचे कारण नव्हते.