शुभवर्तमान आणि शाप : हेटमन इव्हान मझेपा

वाचकहो, सीरियातील अलेप्पो नगरात इ. स. १७०८ मध्ये अरबी भाषेतील शुभवर्तमानांचा एक ग्रंथ छापला गेला. अंत्युखियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीचे धर्मपुढारी अथानासियुस दब्बास यांनी तो सिद्ध केला. त्या प्रांतात अरबी छपाई सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्याच्या द्रव्यसाहाय्याने हे कार्य झाले, त्याला उद्देशून ग्रंथात अर्पणपत्रिका आहे. हा दाता कोणी अरब धनिक नव्हे. तो होता दूर युक्रेनच्या कोसॅक सैन्याचा हेटमन, म्हणजे सरसेनापती आणि राज्यकर्ता, इव्हान मझेपा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच्या स्वतःच्या मंडळीने त्याला जाहीर शाप देऊन बहिष्कृत केले. एकाच वर्षातील या दोन घटना आपण शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणून हे चरित्र आपणापुढे मांडीत आहे.

मझेपाचा जन्म १६३९ मध्ये बिला त्सेर्कवा नगराजवळ एका ऑर्थोडॉक्स सरदार घराण्यात झाला. कीवच्या मोहिला विद्यालयात त्याचे शिक्षण झाले व पुढे तो पोलंडचा राजा यान काझिमीर याच्या दरबारी सेवेत राहिला. तारुण्यातील एका प्रेमप्रकरणामुळे त्याला उघड्या अंगाने रानटी घोड्यावर बांधून सोडून दिले, अशी कथा व्होल्तेरने प्रसिद्ध केली आणि बायरनने तिच्यावर काव्य रचले. युरोपात मझेपा ओळखला जातो तो या कथेमुळे. तिला विश्वसनीय आधार नाही, तेव्हा आपण ती बाजूला ठेवू.

१६७४ मध्ये वकिलातीवर असता तो प्रतिपक्षाच्या हाती सापडला. बुद्धी व वाक्चातुर्य यांच्या बळावर तो बंदिवासातून हेटमन सामोइलोविच याच्या विश्वासात शिरला. १६८७ मध्ये सामोइलोविच पदच्युत झाला आणि रशियन सरदार गोलित्सिन याच्या पाठबळाने मझेपाच हेटमन निवडला गेला. पुढे एकवीस वर्षे तो झारशी एकनिष्ठ राहिला. १६९५ मध्ये नीपर नदीवरील काझिकेर्मेन हा तुर्कांचा किल्ला घेण्यात त्याचा वाटा होता. झार पीटरने १७०० मध्ये त्याला संत आंद्रियाच्या नावाचा सर्वोच्च सन्मान दिला.

त्याची संपत्ती अफाट होती आणि त्याने ती मंडळीसाठी मुक्त हस्ते वेचली. कीवच्या गुहामठाभोवती भक्कम तट उभा राहिला. मठाच्या एका वेशीवर सर्व संतांचे सुंदर चर्च बांधले गेले. मोहिला विद्यालयालाही त्याने उदार आश्रय दिला. त्याची आई मारिया माग्दालेना ही कीवमधील एका मठाची प्रमुख होती. आईच्या संस्कारांतून ही दानशूरता आली असे मानणे मला रास्त वाटते.

तथापि, वाचकहो, याच हाताने केलेले एक कृत्य झाकून ठेवता येणार नाही. वयाच्या पासष्टीच्या सुमारास त्याने आपली धर्मकन्या मोत्रिया हिला मागणी घातली. मंडळीच्या नियमाप्रमाणे असा विवाह निषिद्ध होता आणि मुलीच्या आईबापांनी तो नाकारला. तिचा पिता वासिल कोचुबेय हा मझेपाचा जुना सहकारी व उच्च अधिकारी होता. मझेपा स्वीडनच्या राजाशी गुप्त संधान बांधीत आहे, असे त्याने झारला कळविले. झारला ते खरे वाटले नाही. त्याने कोचुबेय व त्याचा साथीदार इस्क्रा यांना मझेपाच्याच हवाली केले आणि जुलै १७०८ मध्ये दोघांचा शिरच्छेद झाला. आरोप खरा होता. शिक्षा अमलात आणणाऱ्याला ते पुरते ठाऊक होते.

मझेपा झारविरुद्ध का गेला? उत्तरेतील युद्धात कोसॅक पलटणी परक्या मुलखात झिजत होत्या आणि प्रजा रशियन सैन्याच्या उपद्रवाने गांजली होती. स्वतःच्या प्रांताच्या रक्षणासाठी झारकडे सैन्य मागितले, तर ते देता येणार नाही असे उत्तर आले. कोसॅकांचे परंपरागत हक्क बुडणार हे त्याला दिसत होते. १७०८ च्या शरद ऋतूत काही हजार स्वारांनिशी देस्ना नदी ओलांडून तो स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याला जाऊन मिळाला. झारचा सेनापती मेन्शिकोव्ह याने लगेच मझेपाची राजधानी बातुरिन जाळली. सैनिकांबरोबर स्त्रिया व मुलेही कापली गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ह्लुखिव येथे शापाचा विधी झाला. अग्रभागी कीवचे धर्माध्यक्ष योआसाफ क्रोकोव्स्की होते. मझेपाचा आश्रय लाभलेल्या त्याच विद्यालयाचे ते पूर्वी प्रमुख होते. तिकडे मॉस्कोत शाप उच्चारणारे स्तेफान यावोर्स्की हेही कीवचेच. या शापाचे नाव अनाथेमा. हा ग्रीक शब्द गलतीकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे व आपल्या मराठी शास्त्रात तो ‘शापभ्रष्ट’ असा येतो. पौलाने तो निराळे शुभवर्तमान सांगणाऱ्यासाठी योजला. मझेपाने कोणते निराळे शुभवर्तमान सांगितले होते? कोचुबेयच्या रक्ताबद्दल मंडळीने त्याला शापिले असते, तर ते समजण्याजोगे होते. परंतु शाप पडला तो झारची शपथ मोडल्याबद्दल. शपथभंग हलका नव्हे, हे मान्य. तरीही राजाचा शत्रू तोच देवाचा शत्रू, असे धर्मपुढाऱ्यांनी राजाच्या सांगण्यावरून ठरवावे, याने माझे मन अस्वस्थ होते. शंभराहून अधिक वर्षे दर लेंत काळाच्या पहिल्या रविवारी हा शाप वाचला जाई. ज्या चर्चांच्या भिंती त्याच्या पैशाने उभ्या होत्या, तीही त्यातून सुटली नाहीत.

८ जुलै १७०९ रोजी पोल्तावाच्या लढाईत स्वीडिश सैन्याचा मोड झाला. झारने मझेपासाठी चांदीचे एक जड पदक घडविण्याची आज्ञा केली. त्यावर फाशी घेतलेला यहूदा इस्कर्योत व तीस रुपये कोरायचे होते. ते त्याच्या गळ्यात कधी पडले नाही. चार्ल्ससह तो पळून तुर्की हद्दीतील बेंदेरी येथे पोहोचला होता. झारने त्याची मागणी केली, पण ज्या तुर्कांच्या किल्ल्यावर त्याने एकेकाळी चाल केली होती, त्यांच्या सुलतानाने शरणागताला स्वाधीन करण्याचे नाकारले. अलेप्पोही याच सुलतानाच्या राज्यात होते.

२ ऑक्टोबर १७०९ रोजी मझेपा बेंदेरी येथे वारला. त्याचा देह डॅन्यूब नदीकाठच्या गलाट्स नगरातील संत जॉर्जच्या मठात पुरण्यात आला. पुढील युद्धांत ती कबर उकरली गेली. मठाचे चर्चही आता उभे नाही.