केटे पाउलुस आणि तिची हवाई छत्री

उन्हाळ्याच्या दिवसांत वऱ्हाडच्या माळरानावर रुईची फळे उकलतात आणि त्यांतून रेशमासारख्या शुभ्र तंतूंचा झुपका मिरविणारे बी बाहेर पडते. मुले त्याला ‘म्हातारी’ म्हणतात. अकोला असो की अमरावती, गावाबाहेरच्या बांधावर उभे राहून या म्हाताऱ्यांच्या मागे धावला नाही असा मुलगा विरळा. झुपका खुडून नुसते बी वरून सोडले, तर ते सरळ खाली पडते. पण झुपका शाबूत असला म्हणजे तेच बी वाऱ्यावर तरंगत, हेलकावे घेत, सावकाश भूमीवर उतरते. पसरलेल्या तंतूंना हवा खालून अडविते आणि बियाच्या पतनाचा वेग कमी होतो. निसर्गाने रुईच्या बियाला दिलेली ही युक्ती मनुष्याने स्वतःसाठी वापरली, तेव्हा हवाई छत्री जन्मास आली.

फ्रान्स देशातील आंद्रे-जाक गार्नेरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून वर जाऊन कापडी छत्रीच्या आधाराने भूमीवर उतरून दाखविले. उतरताना त्याची छत्री घड्याळाच्या लंबकासारखी झोके घेत होती. छत्रीखाली कोंडलेल्या हवेला बाहेर पडावयास नीट वाट नव्हती, म्हणून ती कधी या कडेने, तर कधी त्या कडेने निसटत होती. पुढे छत्रीच्या माथ्याशी एक भोक ठेवण्यात येऊ लागले आणि हे झोके पुष्कळ कमी झाले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे हवाई छत्री हा मुख्यतः जत्रेतील तमाशाचाच विषय राहिला. आपल्या देशातही १८९० साली रामचंद्र चटर्जी या कसरतपटूने कलकत्ता येथे बलूनमधून छत्रीच्या साहाय्याने उडी घेतली होती. या तमाशाच्या वस्तूला प्राण वाचविणाऱ्या साधनाचे रूप देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांत केटे पाउलुस या जर्मन स्त्रीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

केटेचा जन्म २२ डिसेंबर १८६८ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराजवळच्या एका खेड्यात झाला. तिचे कुटुंब गरीब होते. पोट भरण्यासाठी तिने शिवणकाम शिकून घेतले आणि त्यावरच ती आपली उपजीविका करू लागली. सुई, दोरा आणि कात्री हीच तिची इस्टेट होती. परंतु कोणतेही काम मन लावून केले, तर ते मनुष्याला कोठवर नेऊन पोहोचवील याचा नेम नसतो. हेर्मान लाटेमान नावाच्या एका बलूनवीराशी तिची ओळख झाली. तो गावोगाव बलूनचे प्रयोग करीत असे आणि हवाई छत्रीने खाली उतरून लोकांना थक्क करीत असे. त्याच्या बलूनचे आणि छत्र्यांचे कापड शिवणे, फाटले तेथे सांधणे, दोऱ्या तपासणे ही कामे केटेच्या हाती आली. पुढे दोघांनी विवाह करण्याचेही ठरविले.

शिवता शिवता केटेला त्या कापडाचे मर्म उमगले. साध्या सदऱ्याची शिवण उसवली तर फार तर चारचौघांत लाज वाटते, पण हवाई छत्रीची शिवण उसवली तर मनुष्य प्राणास मुकतो. आपण घातलेल्या प्रत्येक टाक्यावर कोणाचे तरी जीवन लोंबकळत असते, ही जाणीव तिच्या मनात रुजली. मग आपण शिवलेल्या वस्तूची परीक्षा आपणच का करू नये, असेही तिला वाटू लागले असल्यास नवल नाही. १८९३ साली, वयाची पंचविशी पूर्ण होण्यापूर्वीच, तिने बलूनमधून पहिली उडी घेतली. ज्या काळी स्त्रीने सायकलवर बसणेदेखील अनेकांना खटकत असे, त्या काळी एका शिवणकाम करणाऱ्या तरुणीने आकाशातून उडी घ्यावी, हे साहस असामान्य होते. लवकरच ‘मिस पॉली’ या नावाने तिची कीर्ती सर्वत्र पसरली आणि तिचे प्रयोग पाहावयास हजारो लोक लोटू लागले.

तिचा एक प्रयोग फार प्रसिद्ध होता. बलूनमधून उडी घेतल्यावर तिची छत्री उघडे. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात न टाकतात तोच ती ती छत्री सोडून देई आणि पुन्हा दगडासारखी खाली येऊ लागे. लोकांच्या काळजाचा ठोका चुके. इतक्यात दुसरी छत्री उघडे आणि ती अलगद भूमीवर उतरे. पाहणाऱ्यांना ही निव्वळ करमणूक वाटे. परंतु एक छत्री निरुपयोगी झाली, तर ती टाकून दुसरीचा आश्रय घेता येतो, हे मोठे तत्त्व त्या खेळात दडलेले होते. आज आकाशातून उडी घेणाऱ्या प्रत्येकाजवळ मुख्य छत्रीबरोबर एक राखीव छत्री असते. मुख्य छत्री नीट उघडली नाही, तर ती तोडून मोकळी करावयाची आणि राखीव छत्री उघडावयाची, असा आजचा नियम आहे.

सुखाचे हे दिवस फार काळ टिकले नाहीत. १७ जून १८९४ रोजी क्रेफेल्ड या गावी दोघांचा प्रयोग होता. केटे सुखरूप उतरली, परंतु लाटेमानची छत्री उघडलीच नाही. तिच्या डोळ्यांदेखत तिचा भावी पती आकाशातून कोसळून मरण पावला. ज्याने तिला ही विद्या दिली, त्याचाच त्या विद्येने बळी घेतला. अशा प्रसंगी कोणीही आकाशाकडे कायमची पाठ फिरविली असती, तर त्याला दोष देता आला नसता. केटेपुढे दोन वाटा होत्या. सुई-दोरा घेऊन पुन्हा सामान्य जीवनाकडे वळणे, ही एक. ज्या भयाने आपला सोबती हिरावून घेतला, त्या भयाला सामोरे जाऊन उडीची रीत अधिक सुरक्षित करणे, ही दुसरी. तिने दुसरी वाट धरली. शोक आवरून ती पुन्हा बलूनमध्ये चढली. आपल्या आयुष्यात तिने पाचशेहून अधिक वेळा बलूनमधून आकाशगमन केले आणि सुमारे दीडशे वेळा छत्रीने उडी घेतली. इतक्या उड्या घेऊनही ती धडधाकट राहिली, हे केवळ दैव म्हणता येणार नाही. त्यामागे तिच्या हातांची शिस्त होती.

त्या काळी छत्री बलूनच्या खाली किंवा बाजूस मोकळी टांगलेली असे. वाऱ्याने ती फडफडे, दोऱ्यांचा गुंता होई आणि नेमक्या क्षणी दगा होण्याचे भय राही. केटेने छत्रीची पद्धतशीर घडी घालून ती एका पिशवीत बसविण्याची रीत पुढे आणली. ही पिशवी बलूनच्या टोपलीला बांधलेली असे आणि छत्रीच्या दोऱ्या उडी घेणाराच्या अंगावरील पट्ट्यांना जोडलेल्या असत. मनुष्याने उडी घेतली की त्याच्याच वजनाने छत्री पिशवीतून ओढली जाई. आधी दोऱ्या ताणल्या जात, मग कापड बाहेर येई, त्यात हवा भरे आणि छत्री फुले. भेदरलेल्या मनुष्याला हातांनी काहीही करावे लागत नसे. घडी मात्र बिनचूक हवी. आकाशात छत्री उघडणार की नाही, हे बहुतांशी भूमीवर घडी घालतानाच ठरलेले असते. केटेच्या आयुष्यभराच्या अनुभवाचे सार एवढ्यात सांगता येईल.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि या रीतीची खरी कसोटी लागली. शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी सैनिकांना दोराने बांधलेल्या बलूनमध्ये बसवून उंच चढवीत. या बलूनमध्ये हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू असे. शत्रूच्या विमानाचा मारा झाला की बलून क्षणात पेट घेई आणि आतील निरीक्षकाला उडी टाकण्यावाचून गत्यंतर नसे. अशा निरीक्षकांसाठी केटेने हवाई छत्र्या तयार केल्या. युद्धकाळात तिच्या देखरेखीखाली सुमारे ७००० छत्र्या शिवल्या गेल्या, असे सांगतात. व्हर्डनच्या भीषण रणक्षेत्रावर आणि इतरत्रही या छत्र्यांनी कित्येक सैनिकांचे प्राण वाचविले. पूर्वी जी छत्री प्रेक्षकांच्या टाळ्या मिळवीत होती, ती आता माणसांना सुखरूप खाली आणू लागली. या सेवेबद्दल तिच्या सरकारने तिचा गौरवही केला.

युद्धानंतर जर्मनीत चलनाची किंमत पार घसरली. कष्टाने जोडलेली केटेची पुंजी त्यात नाहीशी झाली. उत्तरायुष्य तिने बर्लिन येथे साधेपणाने घालविले आणि २६ जुलै १९३५ रोजी तेथेच तिचे देहावसान झाले.

आज आकाशातून उडी घेणे हा एक क्रीडाप्रकार झाला आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेऊन महाराष्ट्राचे नाव उज्ज्वल केले. नवशिक्यांसाठी ‘टँडम’ म्हणजे जोडीने घ्यावयाची उडी प्रचारात आली आहे. अनेक देशांत यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. या उडीत शिकाऊ मनुष्य अनुभवी प्रशिक्षकाच्या पुढ्यात, खांद्यांशी व कमरेशी भक्कम पट्ट्यांनी जोडलेला असतो. दोघांचा भार पेलणारी मुख्य छत्री आणि राखीव छत्री प्रशिक्षकाच्या पाठीवर असतात. विमान साधारणतः ३००० ते ४००० मीटर उंचीवर गेल्यावर दोघे बाहेर पडतात. दोघांचे वजन एकत्र आल्याने वेग अतोनात वाढू नये, म्हणून आधी एक लहान छत्री सोडण्यात येते. तरीही पतनाचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर असतो. सुमारे १५०० मीटर उंचीवर मुख्य छत्री उघडते, एक जोराचा हिसका बसतो आणि मग पाच-सात मिनिटांत दोघे तरंगत खाली येतात.

अशी उडी घेऊ इच्छिणाराने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. आपल्या प्रकृतीविषयी प्रशिक्षकापासून काहीही लपवू नये. हृदयाचा, मणक्याचा किंवा सांध्यांचा विकार असल्यास आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. हलका आहार घ्यावा आणि अंगाबरोबर बसणारे कपडे व घट्ट बांधलेले बूट घालावे. पट्टे आवळले जात असताना मनात शंका आली, तर संकोच न करता विचारावी. विमानातून बाहेर पडताना कंबर पुढे, मान मागे आणि पाय गुडघ्यांत मागे दुमडलेले, अशी धनुष्यासारखी बाकदार स्थिती घ्यावी, म्हणजे शरीर हवेत स्थिर राहते. श्वास रोखून धरू नये. भूमी जवळ आली की प्रशिक्षकाच्या आज्ञेप्रमाणे दोन्ही पाय पुढे उचलून धरावे, म्हणजे उतरण्याचे काम अनुभवी पायांकडे राहते. एकट्याने उडी घेणाराला मात्र ही विद्या स्वतः शिकावी लागते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांबावरून खाली उडी घेणारा मुलगा गुडघे किंचित वाकवून आघात कसा जिरवितो, हे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना यातील मर्म चटकन कळेल. आणि वारा प्रतिकूल असेल म्हणून उडी रद्द झाली, तर रुसू नये. न घेतलेली उडी उद्या घेता येते.

केटे पाउलुसच्या चरित्रातून आपण एक गोष्ट अवश्य शिकावी. धाडस म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. मृत्यू डोळ्यांनी पाहिलेल्या त्या स्त्रीला भय ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? परंतु त्या भयाला तिने कामास लावले. पुन्हा पुन्हा दोऱ्या तपासावयास, शिवण घट्ट घालावयास आणि घडी बिनचूक बसवावयास त्याच भयाने तिला शिकविले असेल. प्रेक्षकांना तिची उडी दिसे, पण त्या उडीपूर्वी सुई-दोरा घेऊन तिने घालविलेले तास कोणाला दिसत नसत. जगातील कित्येक मोठ्या कार्यांमागे असेच न दिसणारे, निमूटपणे केलेले काम असते. त्या कामात कसूर न करणारी माणसे स्वतः तर सुखरूप उतरतातच, पण आपल्या हातांनी इतर कित्येकांनाही सुखरूप उतरवितात.