गुरूची विद्या, लॅबमधली परीक्षा

पावसाळ्यात लोणावळा म्हणजे भुशी डॅम, टायगर पॉइंट आणि परतताना चिक्की, एवढाच आपला प्लॅन असतो. पण याच गावात शंभर वर्षांपूर्वी संस्कृत शिकलेल्या एका माणसानं योगासाठी चक्क लॅब थाटली होती. ते होते स्वामी कुवलयानंद.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा हुशार. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. पुढे बडोद्याला शिकताना राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं. मग खानदेशात अमळनेरला शिक्षकी केली. तरुण पिढी अंगानं आणि मनानं धडधाकट झाली तरच देश उभा राहील, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

१९१९ च्या सुमारास नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींची भेट झाली. तिथली पद्धत जुनी. गुरूनं सांगायचं, शिष्यानं करायचं, 'का' विचारायचं नाही. गुणे मनोभावे शिकले. फायदा होतो हे अनुभवाला आलं. पण तो नेमका कशामुळे होतो, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

मग त्यांनी तेव्हा धाडसच वाटावं असं काहीतरी केलं. बडोद्याच्या दवाखान्यात उड्डियान आणि नौली या क्रिया करणाऱ्यांचे एक्स-रे काढून घेतले. बस्तीत पाणी कुठल्याही पंपाशिवाय आतड्यात वर कसं चढतं? दाब मोजल्यावर उत्तर सापडलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप आत ओढलं जातं. या पोकळीला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं: 'माधवदास व्हॅक्यूम'.

यात जोखीम होती. यंत्रानं उलटा निकाल दिला असता तर? श्रद्धाळू लोक रागावले असते आणि टिंगल करणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं. तरीही ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही काढलं. गुरू-शिष्यांत राहणारी विद्या आता छापली जाऊ लागली. कुणीही वाचावं, कुणीही तपासावं!

निकाल मनासारखा आला नाही तरी त्यांनी तो दडवला नाही. प्राणायामानं शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हा सर्रास सांगितलं जाई, आजही सांगतात. त्यांनी श्वासातले वायू मोजले आणि हे कारण टिकत नाही, असं स्पष्ट मांडलं. प्राणायामाचं मोल त्यांना दुसरीकडे दिसत होतं, मुख्यतः मज्जासंस्थेवरच्या परिणामात. स्वतः रोज प्राणायाम करणाऱ्या माणसानं हे लिहावं, याला हिंमत लागते.

कामाचा बोलबाला झाला. १९२७ मध्ये रक्तदाबानं त्रासलेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला. १९३० च्या दशकात मुंबईत चौपाटीजवळ योगाचं आरोग्यकेंद्र उभं राहिलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्यातच योगाचं कॉलेज निघालं. आश्रमातली साधना आता वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षेपर्यंत पोचली होती. पण साधना सुटली नाही. लॅब दिवसाच्या कामाचा भाग होती आणि ध्यानही. १८ एप्रिल १९६६ ला ते गेले. कैवल्यधाम आणि 'योगमीमांसा' मात्र अजून चालू आहेत.

आज मोबाइलवर रोज कुठलं ना कुठलं आसन कुठला तरी आजार पळवून लावत असतं. पूर्वजांचं म्हणून डोळे झाकून फॉरवर्ड करायचं, नाहीतर जुनं म्हणून हसून सोडून द्यायचं, या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. गुण्यांनी तिसरा, कष्टाचा रस्ता धरला: आधी स्वतः शिकायचं, मग मोजायचं आणि जे निघेल ते खरं सांगायचं. पुढच्या वेळी लोणावळ्याला जाल तेव्हा धबधब्याआधी तासभर कैवल्यधामकडेही वळा.