संत बेनेडिक्ट

इटली देशात नुर्सिया येथे इ. स. ४८० च्या सुमारास एका खात्यापित्या घरी बेनेडिक्टांचा जन्म झाला. शिकायला म्हणून त्यांना रोमला पाठविले. पण तेथील पोरांचा स्वैराचार पाहून त्यांचे मन उडाले. पुस्तके, घर, वडिलांचे धन, सगळ्यावर पाणी सोडून ते सुबियाकोच्या डोंगरातील एका गुहेत तीन वर्षे राहिले. रोमानुस नावाचा साधू आपल्या घासातला घास राखून कड्यावरून दोरीने खाली सोडी. दोरीला घंटी बांधलेली असे.

पुढे जवळच्या एका मठातील मंडळींनी त्यांना आग्रहाने प्रमुख करून नेले. पण त्यांची शिस्त त्यांनाच झेपेना. शेवटी त्यांनी द्राक्षारसात विष कालवले! बेनेडिक्टांनी आशीर्वादासाठी हात उचलताच पात्र फुटले, अशी कथा आहे. कोणावरही न रागावता ते पुन्हा एकांतात गेले. त्या पेल्याने त्यांना पुष्कळ शिकविले असावे, असे आम्हांला वाटते.

कारण ५२९ च्या सुमारास मोन्ते कासिनोच्या डोंगरावर मठ स्थापून त्यांनी जी नियमावली लिहिली, तिच्या ७३ प्रकरणांत शिस्तीइतकीच माया आहे. दिवसा सात वेळा व रात्री एकदा भजन, बाकी वेळ वाचन आणि अंगमेहनत. कुदळ-फावडीसुद्धा पूजेच्या भांड्यांसारखी जपायची. दारी आलेला पाहुणा ख्रिस्तच समजायचा. म्हाताऱ्यांना, लेकरांना, आजाऱ्यांना खाण्यापिण्यात सूट. प्रपंच टाकणे ही काही आमची वाट नव्हे. पण हाताला काम आणि मुखी नाम आम्हांला परके कसे वाटेल? याच नियमावलीवर पश्चिम युरोपभर मठ उभे राहिले, त्यांत ग्रंथांच्या नकला होऊन विद्या टिकली. मूळ मठ १९४४ साली महायुद्धात बाँबखाली जमीनदोस्त झाला, तोही पुन्हा बांधला गेला.

असो. त्यांची बहीण स्कोलॅस्टिका हीही लहानपणीच देवाला वाहिलेली. वर्षातून एकदा भावंडे मठाबाहेर भेटत. एकदा बोलता बोलता रात्र झाली. तिने राहायची गळ घातली. मठाबाहेर रात्र काढायची नाही हा नियम, म्हणून हे ऐकेनात. तिने मेजावर डोके टेकून प्रार्थना केली, तोच निरभ्र आकाशातून असा पाऊस कोसळला की, उंबरठा ओलांडता येईना. नियम लिहिणाऱ्याला नियम मोडावा लागला! रात्रभर दोघे देवाविषयी बोलत बसली. तिसऱ्या दिवशी ती गेली. स्वतःसाठी बांधलेल्या थडग्यात त्यांनी तिला ठेवविले, आणि ५४७ च्या सुमारास तेही तेथेच तिच्याशेजारी विसावले.